गाण्याचा पंचनामा

मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२२च्या एका निकालपत्रात काही शब्द वेचून मांडलेले आहेत. ‘अच्छे दिन’ त्यात आहे, गोमूत्र आहे, पंतप्रधानांच्या परदेश दौऱ्यांची टिंगल आहे. पुण्याच्या कबीर कला मंचाने ३१ डिसेंबर २०१७च्या संध्याकाळी शनिवारवाड्यासमोर जे सादर केलं, त्यातले हे शब्द. लोकनियुक्त सरकारची इथे खिल्ली उडवली आहे, ते उलथवण्याचा सूर यात आहे आणि यातून द्वेष चेतवला गेला, असं न्या. ए. एस. गडकरी आणि न्या. मिलिंद जाधव यांच्या खंडपीठाने म्हटलं आणि मंचाच्या गायिका ज्योती जगताप यांचा जामीन फेटाळला.

याच न्यायालयाचं याच मंचाबद्दलचं आणखी एक निकालपत्र आहे, ३१ जानेवारी २०१३चं. मंचाचे दीपक डेंगळे आणि सिद्धार्थ भोसले तेव्हा पावणेदोन वर्षं आत होते. न्या. अभय ठिपसे यांनी त्यांना जामीन दिला. भ्रष्टाचारावर, विषमतेवर, गरिबांच्या शोषणावर बोलणं आणि याहून बरा समाज यावा असं वाटणं, याला या देशात बंदी नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

मंच तोच आणि डफही तोच. मधली पावणेदहा वर्षं हीच या मंडळींची खरी कारकीर्द, असं मला वाटतं. एखाद्या बँडची कारकीर्द सांगताना आपण अल्बम मोजतो, दौरे मोजतो. इथे मोजायला आहेत आरोपपत्रं, जामीनअर्ज, प्रतिज्ञापत्रं. गाणं आधी वस्तीत म्हटलं जातं, मग कुणीतरी ते उतरवून काढतं, मग त्याचा इंग्रजी अनुवाद होतो, आणि न्यायाधीशांच्या मेजावर येतं तेव्हा त्याच्या अंगावर ना चाल असते ना ठेका.

पुण्याच्या मंडळींबद्दल एकलहऱ्यात बसून का लिहायचं, हे आधी सांगायला हवं. एकलहरे म्हणजे नाशिकरोडच्या पुढे गोदावरीकाठी उभं असलेलं औष्णिक वीज केंद्र आणि त्याची वसाहत. आमच्याकडे नुसतं ‘थर्मल’ म्हणतात. १४० मेगावॉटचे जुने दोन संच मोडीत निघाले, २१० मेगावॉटचे तीन उरले, आणि नव्या ६६० मेगावॉटच्या संचाची मागणी वर्षानुवर्षं मोर्चे-निवेदनांतून फिरते आहे. इथे एप्रिल महिना लागला की स्पीकर उभे राहतात. भीमजयंती सगळीकडेच होते, पण वीजकामगारांच्या वसाहतीत तिला एक जास्तीचं कारण आहे, जे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. १९४४ साली स्थापन झालेलं केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ हे त्यांच्या कारकिर्दीतलं. तेव्हा टर्बाइन चालवणाऱ्यांनी त्यांची गाणी लावावीत, यात नवल नाही. आणि ती गाणी बहुतेक या जिल्ह्याच्याच माणसाची असतात.

वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२. मुंबईत कामगार म्हणून राबले, लिहायला-वाचायला मोठेपणी शिकले. १९४३ साली पहिलं गाणं केलं आणि १५ मे २००४ला नाशिकमध्ये गेले तोवर हजारो गाणी करून ठेवली. त्यांच्याही आधी भीमराव कर्डकांचा जलसा होता, ‘नाशिक जिल्हा युवक संघा’चा. १९३०च्या २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पाच वर्षं चिवटपणे चालवला, १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. या सगळ्या काळात गावोगाव बातमी पोचवायचं काम जलशांनी केलं. वर्तमानपत्र वाचणारे किती होते? कर्डकांचा एक जलसा माझ्या दहा सभांच्या बरोबरीचा, असं बाबासाहेब म्हणाल्याचं जुनी माणसं सांगतात. कर्डकांनी पुढे आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिलं म्हणून तो इतिहास हाताशी आहे. कितीतरी जलसे असे की त्यांचं नावही उरलेलं नाही.

जलशाची रचना पाहिली की थक्क व्हायला होतं. तमाशाचा सांगाडा तसाच ठेवायचा: गण, गवळण, बतावणी, वग. पण गणातून गणपती काढायचा, गवळणीतला चावटपणा काढायचा, बतावणीत सोंगाड्याच्या तोंडी सावकार आणि भटजी घालायचे. ही युक्ती मुळात सत्यशोधकांची, फुल्यांच्या चळवळीतून आलेली. प्रेक्षक तमाशा पाहायला येतो आणि सभा ऐकून परततो.

आता जरा सातासमुद्रापार जाऊ. १९८०च्या सुमारास अमेरिकेत, विशेषतः वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियात, हार्डकोर पंक नावाचा प्रकार उभा राहिला. आधीच्या पंकपेक्षा दुप्पट वेगाचा, दोन मिनिटांच्या आत संपणारा, गळा फाटेस्तोवर ओरडला जाणारा. वाजवायला तीन कॉर्ड आल्या तरी पुरे. मायनर थ्रेट या वॉशिंग्टनच्या बँडने १९८० ते १९८३ अशी तीनच वर्षं काढली, पण त्यांचा गायक इयन मकाय आणि त्याच्या साथीदारांनी स्वतःची डिस्कॉर्ड ही रेकॉर्ड कंपनी काढली, कारण दुसरं कुणी त्यांना छापणार नव्हतं. त्याच मकायचा पुढचा बँड फुगाझी. त्याने तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवायचा हट्ट वर्षानुवर्षं धरला. सान फ्रान्सिस्कोच्या डेड केनेडीजचा गायक जेलो बियाफ्रा १९७९ साली चक्क शहराच्या महापौरपदासाठी उभा राहिला आणि चौथा आला. आपल्याकडे शाहीर निवडणुकीत प्रचाराला वापरला जातो, उमेदवारी मिळत नाही.

मुंबईतही पंक आहे. द रायट पेडलर्ससारख्या बँडने राजकारणावर, धर्माच्या दुकानदारीवर इंग्रजीतून तोंडसुख घेतलं, क्लबात पोरं नाचली. त्यांना कमी लेखायचं कारण नाही. इंग्रजी शाळेत शिकलेल्या पोराचा संतापही संतापच असतो. पण त्या गाण्यांपायी कुणाला भूमिगत व्हावं लागलं नाही. ज्या गाण्याची सत्तेने दखल घेतली, ते वेगळ्या गल्लीतून आलं.

ती गल्ली पुण्याच्या कासेवाडीची. २००२ साली गुजरातच्या दंगलींनंतर पुण्यातल्या तरुणांनी कबीर कला मंच उभा केला. शीतल साठे आणि सागर गोरखे कासेवाडीच्या झोपडपट्टीत वाढलेले. सचिन माळी, रमेश गायचोर, ज्योती जगताप, दीपक डेंगळे, सिद्धार्थ भोसले ही पुढे लोकांना माहीत झालेली नावं. साहित्य म्हणाल तर डफ, ढोलकी आणि गळे. चौकात पथनाट्य, मग गाणं, मग दोन शब्द, पुन्हा गाणं. विषय सुरुवातीला हिंदू-मुस्लिम, मग शेतकऱ्यांच्या आत्महत्या, मग विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जाणाऱ्या जमिनी. २९ सप्टेंबर २००६ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी झालं, भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना जिवे मारलं गेलं, आणि त्यानंतर मंचाच्या गाण्यांतून समजावणीचा सूर गेला.

शीतल साठेंचा आवाज ज्यांनी प्रत्यक्ष ऐकला नाही त्यांनी निदान आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटात ऐकावा. हातात डफ, साथीला दोन-तीन माणसं, आणि वरच्या पट्टीत सहज चढणारा, कुठेही न चिरकणारा आवाज. आई हा विषय मराठीत किती गुळगुळीत झाला आहे! पण कष्टकरी आईबद्दल त्या गातात तेव्हा तिथे ना पदर येतो ना मायेची ऊब. दिसतात ते तिचे हात आणि तिला मिळणारी मजुरी.

हार्डकोरशी या गाण्याचं नातं आवाजाच्या पातळीवर शोधलं तर फारसं हाती लागत नाही. पोवाडा लांबलचक असतो, त्याला गोष्ट असते, वेग गोष्टीप्रमाणे कमी-जास्त होतो. हार्डकोरला गोष्ट सांगायला वेळच नसतो. पण एक जागा दोघांत अगदी सारखी आहे. शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलतात, ‘जी जी’ करत पुढे रेटतात. अमेरिकन पोरांच्या मैफलीत धृपदाला सगळं तळघर एकसुरात ओरडतं. दोन्हीकडे गाणाऱ्याचं गाणं एकट्याचं राहत नाही. कोर्टाच्या दृष्टीने अडचणीची गोष्ट हीच. आरोपी कोण? ज्याने ओळ टाकली तो, की ज्यांनी उचलली ते?

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. ब्रिटिश पंकने १९७७ साली ‘पुढे काहीच नाही’ असा सूर लावला आणि तो त्यांचा बाणाच झाला. आंबेडकरी गाण्याला असं म्हणणं परवडत नाही. त्याचा श्रोता कालपर्यंत ‘काहीच नाही’त राहत होता. त्याला शाळा हवी आहे, नळ हवा आहे, नोकरी हवी आहे. म्हणून राग कितीही चढला तरी हे गाणं शेवटी कुठेतरी जायचं म्हणतं.

मंचाच्या मागे एक सावली होती. ११ जुलै १९९७ला मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. घोगरे हे आव्हान नाट्य मंचाचे, संभाजी भगतांच्या बरोबरीचे. पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये त्यांचं गाणं आहे. डाव्या चळवळीत आयुष्य घातलेल्या या माणसाने जाताना कपाळाला निळी पट्टी बांधली होती. त्या निळ्या पट्टीचा माग काढत पटवर्धन चौदा वर्षं फिरले आणि २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला. घोगऱ्यांपासून निघालेला हा चित्रपट कबीर कला मंचापाशी येऊन थांबतो. मंचाच्या बहरातल्या गाण्याचं चांगलं मुद्रण आज लोकांना मिळतं ते मुख्यतः या चित्रपटात, म्हणजे दुसऱ्याने केलेलं.

चित्रपट पुरा होईतो मंच फुटला होता. २०११च्या मे महिन्यात दहशतवादविरोधी पथकाने डेंगळे आणि भोसले यांना बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे सगळे ज्याला ‘यूएपीए’ म्हणतात त्याखाली, अटक केली. मंच ही बंदी असलेल्या माओवादी पक्षाची आघाडी आहे, हा आरोप. तो मंचाने कायम नाकारला. बाकीचे भूमिगत झाले. म्हणजे ज्या मंडळींचं सगळं बळ चौकात उभं राहून मोठ्याने गाण्यात, त्यांना दोन वर्षं गप्प बसावं लागलं. सचिन माळींच्या त्या काळातल्या कवितांचा संग्रह आहे, त्याचं नाव ‘सध्या पत्ता : भूमिगत’. डफ वाजवता येत नाही तेव्हा माणूस कागदाकडे वळतो.

२ एप्रिल २०१३ला शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधान भवनासमोर आले आणि गायले. ही शरणागती नाही, अभिव्यक्तीसाठी केलेला सत्याग्रह आहे, असं ते म्हणाले. त्यांच्या बाजूला प्रकाश आंबेडकर होते, पटवर्धन होते. शीतल साठे तेव्हा गरोदर होत्या. अटक झाली. जूनअखेरीस उच्च न्यायालयाने माणुसकीच्या दृष्टीने त्यांना जामीन दिला. मे महिन्यात गोरखे आणि गायचोरही हजर झाले होते; ते दोघे आणि माळी यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. पावणेचार वर्षं! मधल्या काळात, ऑगस्ट २०१३मध्ये, पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी ‘जय भीम कॉम्रेड’ दाखवला आणि मंचाचा कार्यक्रम केला, तर अभाविपच्या कार्यकर्त्यांनी आपल्याला मारहाण केली, अशी तक्रार विद्यार्थ्यांनी केली.

त्या सुमारास रशियात पुसी रायट या मुलींच्या पंक गटाचं प्रकरण जगभर गाजत होतं. फेब्रुवारी २०१२मध्ये मॉस्कोच्या ख्राइस्ट द सेव्हियर चर्चमध्ये त्या अर्ध्या-पाऊण मिनिटासाठी घुसल्या, पुतिनविरुद्ध ओरडल्या, आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. मॅडोनापासून पॉल मॅकार्टनीपर्यंत सगळे त्यांच्या बाजूने बोलले. आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांनीही त्यांच्यावर रकाने भरले. कासेवाडीची मुलगी त्याच वेळी परागंदा होती, तिच्यावर तेवढे रकाने भरलेले मी तरी पाहिले नाहीत. मराठी वर्तमानपत्रांनीही फार काही केलं असं नाही. लेखकांनी-कलावंतांनी बचाव समिती केली, सह्या केल्या. त्या सह्यांचं मोल कमी नाही. पण सह्या करणाऱ्यांपैकी अनेकांनी मंचाचं गाणं पहिल्यांदा ऐकलं ते सभागृहात, गाद्यांच्या खुर्चीवर बसून, टाळ्या वाजवत, आणि त्या टाळ्यांत मला थोडी अपराधी घाई दिसते.

चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४) हा चित्रपट नेमका या जागेवर बोट ठेवतो. नारायण कांबळे नावाचा म्हातारा शाहीर. त्याच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. गाणी संभाजी भगतांची, भूमिका वीरा साथीदारांची. साथीदार स्वतः नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक, २०२१च्या एप्रिलमध्ये करोनाने गेले. चित्रपटात गाण्यातल्या ओळी कोर्टात सपाट सुरात वाचल्या जातात, जशी एखादी सात-बाराची नोंद वाचावी. प्रेक्षक हसतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आत बसलेला माणूस हसण्याच्या स्थितीत नाही.

‘कोर्ट’ पाहून अनेकांना वाटलं, हे अतिशयोक्त आहे. तसं नाही. १९९० साली अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रीनो शहरात जुडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडवर हाच खटला चालला: तुमच्या गाण्यातल्या छुप्या शब्दांमुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या. पण तिथे फरक असा की न्यायालयाने गाणं ऐकलं. ध्वनिमुद्रणाचे थर सुटे करून वाजवले गेले. गायक रॉब हॅलफर्डने साक्षीत ओळी गाऊन दाखवल्या. जो छुपा शब्द म्हणून सांगितला जात होता तो गाताना श्वास सोडल्याचा आवाज होता, असं बचावाचं म्हणणं. खटला बँडने जिंकला. डेड केनेडीजवरचा १९८७चा खटला तर गाण्याचाही नव्हता. अल्बमसोबत दिलेल्या एका पोस्टरवरून, मुलांच्या हाती अश्लील गोष्ट दिली म्हणून, चालला. ज्यूरीचं एकमत झालं नाही, आरोप गळाले. पण तोवर बँड मोडला होता. पुढे उरलेल्या सदस्यांनी रॉयल्टीवरून बियाफ्रालाच कोर्टात खेचलं.

कबीर कला मंचात पैशावरून भांडायला पैसाच नव्हता. पण वाटा वेगळ्या झाल्या. शीतल साठे आणि सचिन माळी यांनी नवयान महाजलसा हा नवा संच उभा केला. नावातच जलसा परत आला, भीमराव कर्डकांचा. गोरखे, गायचोर आणि जगताप मंचातच राहिले.

३१ डिसेंबर २०१७ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. भीमा कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षं होत होती. निमंत्रकांत निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि बी. जी. कोळसे पाटील होते. मंच गायला. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीला, कोरेगावच्या परिसरात हिंसाचार झाला. ८ जानेवारीला पुण्याच्या विश्रामबाग पोलीस ठाण्यात जी फिर्याद नोंदली गेली तिच्यात परिषदेतली गाणी आणि भाषणं होती. मंचाच्या लोकांची नावं तिथपासून. पुढे हे प्रकरण देशभर पसरलं, वकील, प्राध्यापक, कवी, पाद्री त्यात आले आणि पुण्याची गाणारी पोरं बातम्यांत मागे पडली. २०२० साली तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. सप्टेंबर २०२०मध्ये गोरखे आणि गायचोर यांना अटक झाली, लगोलग जगताप यांना. अटकेपूर्वीच्या चित्रफितीत गोरखे-गायचोर यांनी सांगितलं की माफीनामा द्या, असा दबाव आपल्यावर आणला जातो आहे.

२०१३चं न्यायालय उदार आणि २०२२चं कठोर, एवढं म्हणून हा विषय सुटत नाही. प्रकरणं वेगळी होती, आरोप वेगळे होते. आणि मधे एप्रिल २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा वटाली निकाल आला. यूएपीएखाली जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची चिरफाड करायची नाही, तपास यंत्रणेने जे मांडलं ते प्रथमदर्शनी खरं दिसतं का एवढंच पाहायचं, असं त्याने सांगितलं. आता गाण्याचं काय होतं पाहा. गाण्याचा अर्थ सुरात असतो, हेलात असतो, समोरचा कोण आहे यात असतो. ‘अच्छे दिन’ हे शब्द टीव्हीवरच्या जाहिरातीत एक असतात, सोंगाड्याच्या तोंडी दुसरे. विडंबन हे ऐकूनच कळतं. पण चिरफाड करायची नाही म्हटल्यावर विडंबनाला विडंबन म्हणून सिद्ध करायची जागाच उरत नाही. कागदावर उरतात नुसते शब्द, आणि शब्द तर खरेच उच्चारलेले असतात.

मंचाच्या गाण्यांबद्दल एक गोष्ट बोलायची राहिली आहे. ती सगळीच चांगली नाहीत. काही गाणी म्हणजे घोषणांची माळ. शत्रूंची यादी वाचून दाखवल्यासारखी. भांडवलशाही, ब्राह्मणशाही, साम्राज्यशाही अशा ‘शाही’ एकामागून एक येतात तेव्हा वस्तीतल्या बाईचं लक्ष चुलीकडे जातं. वामनदादा असं करत नसत. ते हिशोब मागायचे: कुणाचं किती, कुणाला किती, आणि आमचं कुठे आहे? प्रश्न असा घरगुती भाषेत की उत्तर ज्याचं त्याने काढावं. मंचाची चांगली गाणी वामनदादांच्या या शाळेतली आहेत, वाईट गाणी पत्रकांच्या शाळेतली. पण वाईट गाण्याची शिक्षा श्रोत्याने उठून जाणं ही असते, तुरुंग ही नव्हे.

एकलहऱ्यात, नाशिकरोडला, जेलरोडला आता जयंतीच्या मिरवणुकीत डीजे आणि नाशिक ढोल असतो. आमचा ढोल देशभर जातो, लग्नांना, विजयी उमेदवारांना, परदेशातल्या गणपतींनाही. त्याच्याइतका कानठळ्या बसवणारा प्रकार कुठल्याही हार्डकोर बँडला जमणार नाही. पण त्याला शब्द नाहीत, म्हणून तो सगळ्या पक्षांना चालतो. सकाळी एकाच्या दारात आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या. डेसिबलवरून नोटिसा येतात त्या ढोल-डीजेला. एकट्या डफावर तशी नोटीस आलेली मी ऐकली नाही. त्याच्यासाठी वेगळा कायदा आहे. डीजेवर वामनदादांचं गाणं लागलं तरी ते रिमिक्स होऊन लागतं, आणि त्यात हिशोब मागणारी कडवी गाळून नाव घेणारं धृपद तेवढं फिरत राहतं. याचा दोष पोरांना द्यावा असं मला वाटत नाही. कडवी शिकवणारी, रात्री अकरानंतर कंदिलाशी बसून झील कशी उचलायची हे सांगणारी मंडळं मोडली, कारण ती चालवणारा कामगार आता कंत्राटी आहे आणि तो दुसऱ्या पाळीला असतो.

शनिवारवाड्यावरच्या त्या संध्याकाळच्या फिर्यादीत एक गंमत आहे, गंमत म्हणवत असेल तर. तिथे म्हटल्या गेलेल्या ज्या ओळींचा सर्वांत जास्त बोभाटा झाला, जुलूम होत असेल तर शहरात उठाव व्हायला हवा अशा अर्थाच्या, त्या मुळात बर्टोल्ट ब्रेख्तच्या आहेत, असं बचाव पक्षाने न्यायालयात सांगितलं. ‘गुड पर्सन ऑफ सेझुआन’ या नाटकातल्या. हे नाटक मराठीला परकं नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी ते ‘देवाजीने करुणा केली’ या नावाने मराठीत आणलं, आणि ब्रेख्तच्याच दुसऱ्या नाटकावरून पु. लं.नी ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. लोक तिकीट काढून गेले, मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला, घरी आले. कुणावर फिर्याद झाली नाही.

ब्रेख्तवर मात्र झाली होती. ३० ऑक्टोबर १९४७ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने त्याला कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून समोर बसवलं. समितीच्या माणसाने ब्रेख्तच्या एका गाण्याचा इंग्रजी अनुवाद मोठ्याने वाचला आणि विचारलं, हे तुम्ही लिहिलंत का? ब्रेख्त म्हणाला, नाही. मी एक जर्मन कविता लिहिली होती, ती यापेक्षा फार वेगळी आहे. सभागृहात हशा पिकला. दुसऱ्या दिवशी तो विमानात बसून युरोपला निघून गेला. सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांची रवानगी तळोजा तुरुंगात झाली, ज्योती जगताप यांची भायखळ्याला. २०२२च्या मे महिन्यात गोरखे यांना तळोजात उपोषणाला बसावं लागलं. मागण्यांत पुरेसं पाणी होतं आणि डासांसाठी मच्छरदाणी.